बेसिक / व्हीबीए: मजकुरातून हवा तेवढाच तुकडा कसा काढायचा? (लेफ्ट, राइट, मिड आणि मध्येच येणारा एरर ५)

हिशेबनीस | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते. ग्राहकांची एक्सेलमध्ये मोठी यादी आहे. एका रकान्यात पूर्ण नाव (आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं), दुसऱ्यात जीएसटी क्रमांक, तिसऱ्यात पत्ता. मला आडनाव, पॅन आणि पिन कोड वेगवेगळ्या रकान्यांत हवेत. शाळेत जीडब्ल्यू-बेसिक (डॉसवरचं जुनं बेसिक) होतं, त्या पुंजीवर व्हीबीए (एक्सेलमधलं बेसिक) लिहायला घेतलं. आडनावासाठी ही ओळ:

आडनाव = लेफ्ट(पूर्ण, इनस्ट्र(पूर्ण, " ") - १)

सुरुवातीच्या ओळी सुरळीत जातात आणि मग मध्येच "रन-टाइम एरर ५: इनव्हॅलिड प्रोसीजर कॉल ऑर आर्ग्युमेंट" येऊन गाडी थांबते. ज्या ओळीवर थांबते तिथे मला काही वावगं दिसत नाही. कुणी सांगेल का?

(इथे रोमन अक्षरं टाकली की ओळी मोडतात, म्हणून कोड आणि आकडे दोन्ही देवनागरीत लिहिलेत. समजून घ्या.)

कर्सर | सोमवार, रात्री ९:५२

त्या ओळीत नावात स्पेसच नसणार. एखाद्या फर्मचं एकशब्दी नाव असेल. इनस्ट्र शोधलेल्या खुणेचं स्थान सांगतो; काही सापडलं नाही की ० देतो, तुम्ही त्यातून १ वजा करता, आणि लेफ्टला उणे १ अक्षरं मागता. तो चिडतो.

जीएसटी क्रमांकाचं काम तर एका ओळीचं आहे. १५ अक्षरी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची १० अक्षरं म्हणजे अख्खा पॅन. तेव्हा

पॅन = मिड(जीएसटी, ३, १०)

झालं. मधलं काही शोधायचं नाही.

जुना_खडू | सोमवार, रात्री १०:३०

कर्सर यांनी दुखणं बरोबर ओळखलं. उपाय म्हणून बहुतेक जण आधी इफ लावून ० आहे का ते तपासतात. त्याहून सुटसुटीत उपाय जीडब्ल्यू-बेसिकच्या काळापासून वापरात आहे: ज्यात शोधायचं त्याच्याच शेपटीला शोधायची खूण जोडून द्यायची.

आडनाव = लेफ्ट(पूर्ण, इनस्ट्र(पूर्ण & " ", " ") - १)

आता स्पेस कुठेतरी सापडणारच. नाव एकशब्दी असेल तर ती शेवटी सापडते आणि पूर्ण शब्द हाती येतो. लेफ्टला मात्र मूळ पूर्णच द्यायचं, जोडलेलं नाही. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये & ऐवजी + येईल, आणि तिथे एक अडचण आहे: स्ट्रिंगची (म्हणजे मजकुराची) कमाल लांबी २५५ अक्षरं. आधीच २५५ भरलेली असेल तर जोडताना "स्ट्रिंग टू लाँग" येईल. नावांच्या बाबतीत ती वेळ येत नाही.

गंमत म्हणजे तुमचा एरर ५ हा वडिलोपार्जित आहे. जीडब्ल्यू-बेसिकमध्येही लेफ्ट$ला उणे आकडा दिला की "इल्लीगल फंक्शन कॉल" यायचा आणि त्याचाही क्रमांक ५ च होता. शब्द बदलले, नंबर तोच ठेवला.

आता आलोच आहे तर तिघा भावंडांच्या स्वभावाबद्दल थोडं लिहितो, कारण बऱ्याच चुका इथेच होतात. समजा ए$ = "कमलनयन" (नावापुढचा $ म्हणजे त्यात मजकूर आहे). मुद्दाम काना-मात्रा नसलेला शब्द घेतला, त्याचं कारण पुढे कुणीतरी काढेलच.

लेफ्ट$(ए$, ३) म्हणजे "कमल"
राइट$(ए$, ३) म्हणजे "नयन"
मिड$(ए$, ३, २) म्हणजे "लन"
मिड$(ए$, ४) म्हणजे चौथ्यापासून शेवटपर्यंत, "नयन"

मिड$चा तिसरा आकडा ही लांबी आहे, शेवटचं स्थान नाही. वर्गात अर्धी मुलं तिथेच अडकायची: "तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत" हवं म्हणून ३, ५ लिहायची. लांबी काढायची तर शेवट वजा सुरुवात अधिक १. तो अधिक १ विसरला की शेवटचं अक्षर गळतं.

जास्त मागितलं तर तिघंही समजूतदार आहेत. लेफ्ट$(ए$, ५०) सहा अक्षरंच देतो, तक्रार नाही. मिड$(ए$, ९) रिकामी स्ट्रिंग देतो. पण मिड$(ए$, ०, २) चालत नाही, मोजणी १ पासून आहे. पायथॉन किंवा सी शिकून आलेले इथे हमखास ठेचकाळतात.

आणि एक लक्षात ठेवा: मजकुराची जी बाजू पक्की असते तिकडून कापा. गाडीचा क्रमांक घ्या. सुरुवातीची दोन अक्षरं राज्याची, पुढचे दोन अंक आरटीओचे (१२ पुणे, ०९ कोल्हापूर, १४ पिंपरी-चिंचवड), शेवटी चार अंक, आणि मधली मालिका कधी एका अक्षराची, कधी दोन. मधलं थेट मोजायला गेलात तर फसाल. पुढचे चार आणि मागचे चार पक्के आहेत, म्हणून (लेन म्हणजे एकूण लांबी)

मालिका$ = मिड$(गाडी$, ५, लेन(गाडी$) - ८)

एक अक्षर असो की दोन, बरोबर येतं. अट एवढीच की क्रमांकात मधे स्पेस नसावी आणि शेवटचा आकडा चार अंकी लिहिलेला असावा. कुणी ०००७ ऐवजी नुसतं ७ लिहिलं असेल तर हे सूत्र त्याला वाचवणार नाही.

सिंक्लेअरप्रेमी | सोमवार, रात्री १०:४८

सर, हा अधिक १ चा घोळ मायक्रोसॉफ्टच्या घराण्याचा. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर (१९८२) आम्ही सरळ ए$(३ टू ५) लिहायचो. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत, जसं बोलतो तसं. सुरुवातीपासून हवं तर ए$(टू ३), शेवटपर्यंत हवं तर ए$(४ टू). लेफ्ट$, राइट$, मिड$ अशी तीन नावं पाठ करायची गरजच नव्हती. एकच पद्धत, सगळं त्यात.

शिवाय डाव्या बाजूलाही चालायचं. लेट ए$(१ टू ३) = "नव" लिहिलं तर तीन जागांमध्ये "नव" आणि एक स्पेस बसायची. जागा कमी असेल तर शेपूट कापली जायची. मूळ लांबी हलत नसे.

कर्सर | सोमवार, रात्री १०:५५

आणि लांबीच्या बाहेर गेलं की "सबस्क्रिप्ट राँग" म्हणून प्रोग्राम आडवा. ते सांगायचं राहिलं वाटतं.

सिंक्लेअरप्रेमी | सोमवार, रात्री ११:०२

बरोबर, पण तीही सोयच होती. चूक तिथल्या तिथे कळायची. तुमचा लेफ्ट$ सहा अक्षरी शब्दातून पन्नास मागितली तरी गप्प बसतो आणि मग चार पानं पुढे हिशेब चुकतो.

जुना_खडू | सोमवार, रात्री ११:२५

दोघांचंही बरोबर आहे. मूळ गोष्ट अशी की बेसिक नावाची एक भाषा कधी नव्हतीच. १ मे १९६४ ला डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांचं बेसिक पहिल्यांदा चाललं तेव्हा त्यात स्ट्रिंग चलच नव्हतं. नंतर आलं तेव्हा तुकडे करायला चेंज नावाची आज्ञा होती: चेंज ए$ टू ए. अख्खी स्ट्रिंग आकड्यांच्या ॲरेत ओतायची, ए(०) मध्ये लांबी, पुढे एकेका अक्षराचा कोड. हवं ते आकड्यांवर करा आणि पुन्हा उलट ओता.

मग प्रत्येक कंपनीने आपापली चूल मांडली. ॲपलच्या इंटिजर बेसिकमध्ये आणि अटारीवर ए$(३,५), म्हणजे सुरुवात आणि शेवट. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ९९/४ए वर सेग$(ए$,३,५), पण तिथे ५ ही लांबी. डेक या संगणक कंपनीच्या बेसिकमध्येही सेग$, आणि तिथे तोच ५ म्हणजे शेवटचं स्थान! डेकच्या बेसिक-प्लसमध्ये तर राइट(ए$,४) याचा अर्थ शेवटची चार अक्षरं असा नसून चौथ्यापासून शेवटपर्यंत असा होता. जुन्या मासिकातला प्रोग्राम उतरवून घेताना कुठल्या यंत्राचा आहे हे न पाहिल्यास तो चालतो, फक्त चुकीचा चालतो. ते जास्त वाईट.

लेफ्ट$, राइट$, मिड$ ही आज सगळ्यांना माहीत असलेली त्रयी १९७५ च्या अल्टेअर संगणकासाठी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ८के बेसिकमध्ये होती, आणि ते बेसिक पुढे कमोडोर, ॲपलसॉफ्ट, जीडब्ल्यू असं सगळीकडे गेलं. म्हणून ती टिकली. सोयीची होती म्हणून नव्हे, सिंक्लेअरप्रेमींशी मी इथे सहमत आहे.

आपल्याकडच्या ज्या शाळांत क्लास या शालेय संगणक प्रकल्पात (१९८४-८५) बीबीसी मायक्रो हे संगणक आले, तिथल्या मुलांची वेगळीच तऱ्हा. बीबीसी बेसिकमध्ये लेफ्ट$ आणि पुढचा कंस मिळून एकच टोकन (यंत्राच्या लेखी एकच शब्द) आहे, त्यामुळे मधे स्पेस सोडली की एरर. मुलं सुबक लिहायला जायची आणि फसायची. त्यांच्या इनस्ट्रमध्ये कुठून शोधायचं तो आकडा शेवटी येतो, जीडब्ल्यूमध्ये सुरुवातीला.

रिकामी_पेटी | सोमवार, रात्री ११:४०

कमोडोर ६४ वर तर इनस्ट्रच नव्हता. हातानेच शोधायचं:

१० पी=०
२० फॉर आय=१ टू लेन(ए$)-लेन(बी$)+१
३० इफ मिड$(ए$,आय,लेन(बी$))=बी$ देन पी=आय: आय=लेन(ए$)
४० नेक्स्ट

पी शून्य राहिला तर सापडलं नाही. तिसाव्या ओळीत आयला शेवटी नेऊन ठेवलंय ते लूपमधून सभ्यपणे बाहेर पडण्यासाठी. गोटूने उडी मारली तर फॉर अर्धवट लटकत राहतो.

आणि तिथे एक-एक अक्षर सोलायला ए$=मिड$(ए$,२) असं लूपमध्ये लिहू नये. दर वेळी नवी स्ट्रिंग बनते, जुनी कचरा म्हणून पडून राहते. मेमरी भरली की यंत्र कचरा काढायला बसतं, आणि स्ट्रिंगा भरपूर असतील तर मिनिटंच्या मिनिटं कर्सरसुद्धा हलत नाही. यंत्र बंद पडलं समजून लोक वीज घालवायचे. स्ट्रिंग तशीच ठेवून मिड$(ए$,आय,१) ने वाचत जावं.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १:१५

अरे वा, रात्रीत केवढी चर्चा! सर, शेपटीला स्पेस जोडण्याची युक्ती चालली. एरर ५ गेला. पॅनही आला.

पण आता नवीन कोडं. काही ओळींत आडनावाच्या रकान्यात अख्खं नाव उतरतंय. डोळ्यांना मधे स्पेस स्वच्छ दिसते, इनस्ट्रला दिसत नाही. आधी ट्रिमही केलं, फरक नाही.

अक्षरशत्रू | मंगळवार, दुपारी १:३८

ती नावं कुठल्यातरी संकेतस्थळावरून चिकटवलेली असणार. वेबपानांत न तुटणारी स्पेस असते, तिचा कोड १६०. आपल्या नेहमीच्या स्पेसचा ३२. दिसायला जुळ्या बहिणी. ट्रिमला फक्त ३२ कळतो. सगळ्यात आधी ही ओळ घाला (सीएचआरडब्ल्यू कोडावरून अक्षर देतो):

पूर्ण = रिप्लेस(पूर्ण, सीएचआरडब्ल्यू(१६०), " ")

खात्री करायची तर संशयित अक्षर मिडने एकटं काढून त्याचा ॲस्कडब्ल्यू (अक्षराचा कोड) छापून बघा.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी २:०५

१६० च निघाला! धन्यवाद.

आता पिन. राइट(पत्ता, ६) केलं होतं, पण कुणी "४११ ०३०" असं तोडून लिहिलंय, कुणी पिननंतर टिंब दिलंय, कुणी पिनच्या पुढे महाराष्ट्र लिहिलंय. सरांच्या भाषेत सांगायचं तर इथे कुठलीच बाजू पक्की नाही.

कर्सर | मंगळवार, दुपारी २:२०

मग मोजू नका, मागून चालत या आणि अंक तेवढे वेचा:

पिन = ""
फॉर आय = लेन(पत्ता) टू १ स्टेप -१
  सी = मिड(पत्ता, आय, १)
  इफ सी लाइक "[०-९]" देन पिन = सी & पिन
  इफ लेन(पिन) = ६ देन एक्झिट फॉर
नेक्स्ट

सी आधी आणि पिन नंतर जोडलाय, कारण आपण उलटे येतोय. पत्त्याच्या शेवटी मोबाईल नंबर असेल तर मात्र त्याचेच शेवटचे सहा अंक हाती येतील. म्हणून नंतर लेफ्ट(पिन, २) तपासा. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ मध्ये येतात, गोव्याचे ४०३ ने सुरू होतात. बाहेरचं काही आलं तर ती ओळ बाजूला काढा. मोबाईलचे अंक योगायोगाने ४१ ने सुरू झाले तर ते चाळणीतून निसटेल, तेवढं डोळ्यांनी बघा.

लूप टाळण्यासाठी व्हॅल वापरायचा मोह होईल. व्हॅल पहिल्या नको त्या चिन्हापाशी थांबतो, "१,२००" चे १ करतो. आणि फ्लॅट नंबर "१२ई३" असेल तर ई हा घातांक समजून १२००० देतो. पत्त्यावर व्हॅल नकोच.

अक्षरशत्रू | मंगळवार, दुपारी २:३१

लाइकमधले ते ०-९ इंग्रजी अंक आहेत बरं का. यादीत कुणी पिन देवनागरी अंकांत टाकला असेल तर तो लाइकला अंक वाटणारच नाही, व्हॅलही ० देईल. देवनागरी शून्याचा कोड २४०६, नऊचा २४१५. ॲस्कडब्ल्यू या दोहोंच्या मधे आला तर त्यातून २४०६ वजा करा, इंग्रजी अंक मिळेल.

हिशेबनीस | मंगळवार, सायंकाळी ६:५०

आहेत तशाही ओळी, मोजक्या. केलं.

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. नावं मराठीत आहेत आणि साहेबांना पत्राच्या कोपऱ्यात आद्याक्षरं हवीत. लेफ्ट(नाव, १) केलं तर श्रीकांतचं नुसतं "श" येतं, प्रियाचं "प". लेफ्ट(नाव, २) केलं तर पाय मोडका श. किती अक्षरं घ्यायची?

जुना_खडू | मंगळवार, रात्री ९:१०

म्हणूनच मी कमलनयन घेतला होता.

अक्षरशत्रू | मंगळवार, रात्री ९:४५

हा माझा प्रांत, थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्याला एक अक्षर म्हणता आणि बेसिक ज्याला एक अक्षर म्हणतं, त्यांत फरक आहे. "मराठी" आपल्या हिशेबी तीन अक्षरं. व्हीबीएत लेन ५ येतो: म, र, काना, ठ, वेलांटी. "श्रीकांत" म्हणजे श, हलन्त, र, वेलांटी, क, काना, अनुस्वार, त, एकूण ८. क्यूबी६४ या आजच्या बेसिकमध्ये तर स्ट्रिंग बाइटांची असते, यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून तिथे "मराठी" १५ भरतो आणि लेफ्ट$(ए$,१) म्हणजे म चा एक तृतीयांश. पडद्यावर कचरा दिसतो.

हे युनिकोडमुळे झालं असं नाही. डॉसच्या काळात सी-डॅकच्या जिस्ट (भारतीय लिप्यांसाठीच्या) कार्डावर इस्की ही कोडपद्धत वापरून बेसिकमध्ये मराठी लिहिणाऱ्यांनाही हेच भोगावं लागलं, तिथेही हलन्त आणि मात्रा यांना स्वतंत्र बाइट होता. फॉन्टवर आधारलेल्या कृतीदेवसारख्या मजकुरात तर याहून वाईट: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली. तिथे लेफ्ट$(ए$,१) केलं की नुसती वेलांटीच हातात.

तेव्हा किती घ्यायची हे आधी ठरवता येत नाही. पहिल्या चिन्हापासून पुढे बघत जायचं. पुढचं चिन्ह मात्रा, अनुस्वार, हलन्त असेल तर सोबत घ्या. मागचं चिन्ह हलन्त असेल तर पुढचं व्यंजनही त्याच अक्षराचं, तेही घ्या. नाहीतर थांबा.

फंक्शन आद्याक्षर(एस)
  आय = २
  डू व्हाइल आय <= लेन(एस)
    के = ॲस्कडब्ल्यू(मिड(एस, आय, १))
    एम = ॲस्कडब्ल्यू(मिड(एस, आय - १, १))
    इफ के >= २३०५ अँड के <= २३०७ देन
      आय = आय + १
    एल्सइफ के >= २३६६ अँड के <= २३८१ देन
      आय = आय + १
    एल्सइफ एम = २३८१ देन
      आय = आय + १
    एल्स
      एक्झिट डू
    एंड इफ
  लूप
  आद्याक्षर = लेफ्ट(एस, आय - १)
एंड फंक्शन

२३०५ ते २३०७ म्हणजे चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग. २३६६ ते २३८० मात्रा, २३८१ हलन्त. श्रीकांतवर हाताने चालवून बघा: हलन्त घेतला, र मागच्या हलन्तामुळे घेतला, वेलांटी घेतली, क वर थांबला. "श्री" आलं.

शिवाय एक सूचना: व्हीबीएच्या संपादकात अवतरणचिन्हांत थेट मराठी टाइप करू नका, प्रश्नचिन्हं उमटतात. एक्सेलच्या खान्यातून वाचा किंवा सीएचआरडब्ल्यू वापरा. म हवा असेल तर सीएचआरडब्ल्यू(२३५०).

रिकामी_पेटी | मंगळवार, रात्री १०:०५

फंक्शन चांगलं आहे, पण वकिलांचं काय? यादीत "अ‍ॅड." असणार. बरेच कीबोर्ड ते अ, मग एक अदृश्य जोडणारं चिन्ह (कोड ८२०५), मग चंद्र असं टाइप करतात. तुमचं फंक्शन दुसऱ्याच चिन्हावर थांबेल आणि नुसता अ देईल. र्‍या, र्‍ह मध्येही तेच चिन्ह असतं: र, हलन्त, ८२०५, मग य. तुमच्यात ८२०५ घेतलं जाईल, पण पुढचा य सुटेल, कारण त्याच्या मागे हलन्त राहिलेला नाही.

अक्षरशत्रू | मंगळवार, रात्री १०:१८

बरोबर पकडलंत. एल्सच्या आधी आणखी एक फांदी:

    एल्सइफ के = ८२०५ ऑर एम = ८२०५ देन
      आय = आय + १

आता अ‍ॅड. चा "अ‍ॅ" नीट येतो आणि र्‍या सुद्धा. नवे कीबोर्ड ॲ हे एकच चिन्ह देतात, तिथे प्रश्न नाही. एकाच यादीत दोन्ही प्रकार असतील तर नावं जुळवताना मात्र डोकं धराल, कारण दिसायला सारखे आणि तुलनेत वेगळे.

सिंक्लेअरप्रेमी | मंगळवार, रात्री १०:२२

स्पेक्ट्रमवर हा प्रश्नच नव्हता.

जुना_खडू | मंगळवार, रात्री १०:४०

मराठीच नव्हती हो तिथे!

हिशेबनीस, साहेब पुढे तारखेचे तुकडे मागतील म्हणून आधीच सांगून ठेवतो. एक्सेलच्या तारखेवर लेफ्ट आणि मिड चालवू नका. खान्यात दिसतं ते रूप, आत आकडा असतो, आणि त्याची स्ट्रिंग कशी होणार हे त्या संगणकाच्या सेटिंगवर अवलंबून. डे, मंथ, इयर वापरा. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये डेट$ मिळायची ती अमेरिकी पद्धतीने, महिना आधी. त्यामुळे आपली तारीख छापायला

मिड$(डेट$,४,२) + "-" + लेफ्ट$(डेट$,२) + "-" + राइट$(डेट$,४)

असं लिहावं लागे. पतपेढीच्या पासबुकांवर किती ठिकाणी हे न केल्यामुळे महिने आणि दिवस उलटे छापले गेले असतील, देव जाणे. त्या हिशेबांत बाकी कापाकापी फारशी करावी लागत नसे. रँडम फाइलला फील्ड लावून नावाला २०, खात्याला ६ अशा जागा आखून दिल्या की तुकडे आयते मिळायचे, एलसेट (डावीकडे सरकवून) आणि आरसेटने (उजवीकडे सरकवून) भरायचे.

हिशेबनीस | बुधवार, दुपारी १२:३०

आद्याक्षरं झाली, वकील मंडळीसुद्धा. आता एकच गट उरलाय. आमचे काही ग्राहक गोव्याचे आहेत, त्यांची नावं आडनाव शेवटी अशी आहेत. त्यांच्यासाठी इनस्ट्ररेव्ह वापरून शेवटच्या स्पेसनंतरचं घेतलं:

आडनाव = मिड(पूर्ण, इनस्ट्ररेव्ह(पूर्ण, " ") + १)

गंमत म्हणजे इथे एकशब्दी नावालाही काही होत नाही, कारण ० अधिक १ म्हणजे पहिल्यापासून सगळं.

मांडवीकाठ | बुधवार, दुपारी १:१०

कितें सांगू ताई, यानं आमच्या "दा कोस्ता" मंडळींचं नुसतं "कोस्ता" होईल. "दा सिल्वा", "दे सोझा" तसंच. काही कुटुंबं ते जोडून लिहितात, काही तोडून. शेवटून दुसरा शब्द "दा", "दे", "डी", "दोस" असेल तर तोही घ्या, पण ती यादी हातानंच ठेवावी लागेल. आणि जीएसटीचं प्रमाणपत्र किंवा पॅन कार्ड बघून तेच लिहा. वैयक्तिक पॅनमध्ये चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. ते ताडून बघता येईल.

कर्सर | बुधवार, दुपारी १:२५

हे भारी आहे. मिड(पॅन, ५, १) चं इंग्रजी अक्षर आडनावाच्या पहिल्या इंग्रजी अक्षराशी जुळत नसेल तर ती ओळ पिवळी करा. यादी मराठीत असल्यामुळे इंग्रजी नावाचा वेगळा रकाना लागेल, पण जीएसटीच्या कामात तो असतोच.

इनस्ट्ररेव्हबद्दल एवढंच: शोधतो मागून, पण उत्तर देतो ते पुढून मोजलेलं स्थान. त्यातून पुन्हा लेन वजा करायला जाऊ नका. आणि त्याच्यात सुरुवातीचा आकडा तिसऱ्या जागी येतो, इनस्ट्रमध्ये पहिल्या.

हिशेबनीस | बुधवार, सायंकाळी ५:४०

इंग्रजी रकाना आहे. ताडून बघितलं, पिवळ्या ओळी बऱ्याच निघाल्या, त्यातल्या काही चक्क पॅन चुकीचा भरलेल्या. साहेब खूश.

उरलेल्यांसाठी असं ठरवलंय: नावात दोनपेक्षा कमी-जास्त स्पेस असतील त्या ओळी वेगळ्या काढून हातानं बघायच्या. स्पेस मोजायला

स्पेस = लेन(पूर्ण) - लेन(रिप्लेस(पूर्ण, " ", ""))

हे चालेल ना?

जुना_खडू | बुधवार, सायंकाळी ६:०५

उत्तम चालेल. मोजायच्या आधी लागोपाठच्या दोन-दोन स्पेस एक करून घ्या, नाहीतर त्या ओळीही उगीच बाहेर येतील. व्हीबीएचा ट्रिम फक्त दोन्ही टोकांच्या स्पेस काढतो, मधल्या तशाच ठेवतो. एक्सेलचा ट्रिम मधल्याही आवळतो. तेव्हा ॲप्लिकेशन.वर्कशीटफंक्शन.ट्रिम(पूर्ण) वापरा, आणि तोही १६० ची स्पेस बदलून झाल्यावर.